एक बेल झाली की थांबायचं

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, पाणीपुरवठ्याचे निवृत्त अभियंता साहेब. वेळात वेळ काढून व्यासपीठावर आलेले बस डेपोचे व्यवस्थापक. ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो त्या आपल्या ताई, त्यांचे यजमान आणि पहिल्या रांगेत ताठ बसलेल्या त्यांच्या सासूबाई. माझे वल्हेबंधू टेलर मास्तर, दातांचे डॉक्टर आणि बेकरीवाले काका. आपल्या नौका मंडळाचे सभासद, सभासदांच्या आग्रहाला बळी पडलेली कुटुंबीय मंडळी. आणि दाराशी उभे राहून, हा माणूस किती वेळ घेणार याचा अंदाज बांधणारे माझे मेव्हणे… आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मला दहा मिनिटं दिलेली आहेत. तिसऱ्या रांगेतून आमच्या सौभाग्यवती मला पाच बोटं दाखवतायत. आपण मधला मार्ग काढू.

ताईंना आपण सगळे ओळखतो. निम्मे लोक मंडळामुळे, उरलेले बसमुळे. सोळा वर्षं त्या या गावच्या बसमध्ये कंडक्टर होत्या. आता बढती मिळून, वाहतूक नियंत्रक म्हणून दुसऱ्या गावी चालल्या आहेत. तिथे मोठी नदी आहे आणि तीस वर्षं जुना नौका क्लब आहे. त्या क्लबाला सुकाणूवर बसायला माणूस हवाय आणि ताईंनी अर्ज केलाय. म्हणून तिथल्या सचिवांनी मला, म्हणजे इथल्या कॅप्टनला, पत्र पाठवून एक साधा प्रश्न विचारला: या बाई नाव नीट चालवतात का? पत्र येऊन तीन आठवडे झाले. मी उत्तर दिलेलं नाही. ते आज, तुमच्यासमोर द्यायचं ठरवून मी इथे उभा आहे.

अध्यक्षांनी मघाशी आपल्या भाषणात माझ्या प्रसंगावधानाचा गौरव केला. साहेब, आपला मोठेपणा. पण त्याबद्दल मी नंतर बोलेन, तोवर टाळ्या राखून ठेवा.

तर, नौका मंडळ. आपल्यातल्या ज्यांनी ही बोट जवळून पाहिली नसेल, त्यांच्यासाठी सांगतो. लांबलचक, अरुंद, चौघांनी वल्हवायची बोट. प्रत्येकाकडे एकच वल्हं. चौघं बसतात ते मागे तोंड करून. जिकडे जायचं तिकडे पाठ. पुढचं दिसतं ते फक्त पाचव्या माणसाला, जो आमच्याकडे तोंड करून सुकाणूच्या दोऱ्या धरून बसतो. माझा धंदा चष्म्याचा. लोकांना लांबचं नीट दिसावं म्हणून मी वीस वर्षं झटतोय. आणि हौस म्हणून मी खेळ निवडला तो असा, की ज्यात कॅप्टनला आपण कुठे चाललोय ते दिसत नाही. घरात हे ऐकून कोणालाच आश्चर्य वाटलं नाही.

मी ताईंच्या अगदी समोर बसायचो, गुडघ्याला गुडघा. हंगामभर मी नदी पाहिली ती ताईंच्या चेहऱ्यावर. भुवया वर गेल्या की पुलाचा खांब आला. ओठ मिटले की दुसरी बोट आली. आणि त्यांनी डोळे मिटले, असं एकदाच झालं, तेव्हा आम्ही किनाऱ्यावर आदळलो होतो.

ती आमची पहिली शर्यत. इथे एक नियम सांगणं भाग आहे. बोट आपली नाही. जिल्हा संघटनेची आहे, नव्या मंडळांना पहिल्या वर्षासाठी वापरायला देतात. अट एकच: हंगामातल्या तीन शर्यतींपैकी निदान एक पूर्ण करायची. जिंकायची नाही, नुसती पूर्ण करायची. एकही झाली नाही तर बोट परत आणि मंडळ बंद. मी सगळ्यांना सांगितलं होतं, अहो, पूर्ण काय, कोणीही करेल! आपण जिंकायच्या तयारीने उतरू.

त्या दिवशी वारा होता. ताई ओरडत होत्या, "थांबा! थांबा!" पण ते कोणाला ऐकू येणार? त्याच वेळी मी "अजून जोरात!" म्हणून ओरडत होतो. आम्ही अजून जोरात गेलो. शर्यत उजव्या अंगाला वळली, आम्ही वळलो नाही. बोटीचं टोक गवतात घुसलं ते थेट प्रमुख पाहुण्यांच्या खुर्चीपुढे. पाहुणे मात्र सज्जन. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "या, बसा."

दुसऱ्या दिवशी ताई सायकलची बेल घेऊन आल्या आणि आपल्या बैठकीशेजारी घट्ट बसवली. म्हणाल्या, "ओरडून गाडी थांबत नाही, कॅप्टन. बेलने थांबते. एक बेल झाली की थांबायचं, दोन झाल्या की निघायचं. का थांबायचं, ते ड्रायव्हर विचारत नाही. कोणीतरी उतरत असतं, कोणाचा तरी पाय पायरीवर असतो. विचारत बसलं तर उशीर होतो."

मला ही पद्धत इतकी पटली की मी ती स्वतःच्या नावावर करून टाकली. आपल्या नावघरात, बोट ठेवतो तिथे, भिंतीवर पाटी आहे, तुम्ही वाचली असेल. "एक बेल: जागच्या जागी थांबा. दोन बेल: चला. प्रश्न विचारू नयेत. आज्ञेवरून, कॅप्टन." अक्षर माझं.

मग महिनाभर आम्ही थांबण्याचा सराव केला. ट्रिंग, की चारही वल्ह्यांची पाती पाण्यात रोवून बोट उभी. मित्रहो, वल्हवण्यात आम्ही कच्चे होतो, आजही आहोत, पण थांबण्यात आमचा हात धरणारं कोणी नव्हतं. ते अंगात इतकं भिनलं की टेलर मास्तरांच्या दुकानावरून सायकल गेली तरी त्यांचं मशीन थांबायचं. डॉक्टरांचं तर विचारूच नका. पेशंट तोंड उघडून बसलेला, बाहेर ट्रिंग झालं, डॉक्टरांचा हात हवेत. दुसरी बेल होईपर्यंत पेशंटही तसाच. डॉक्टर, मान हलवू नका, तो पेशंट मीच होतो.

आता दुसरी शर्यत. हसू नका, ज्यांना माहीत आहे त्यांनी तरी हसू नका.

पाच बोटी होत्या. शेवटचा टप्पा आला तेव्हा आम्ही तिसरे होतो! बाकीच्या दोघांची वल्ही एकमेकांत अडकली होती ही गोष्ट वेगळी, पण तिसरे ते तिसरे. ताईंच्या चेहऱ्यावर मी हंगामात पहिल्यांदा हसू पाहिलं. म्हटलं, आज आपण बोट राखली. आणि त्याच क्षणी, तिकडे अंतिम रेषेवर, पहिली बोट पोहोचली म्हणून पंचांनी टांगलेली भलीमोठी घंटा वाजवली. एकदा.

टण्ण.

आम्ही थांबलो.

चौघंही. एका दमात, एका रेषेत, पाती रोवून. इतकं सुंदर आम्ही कधीच थांबलो नव्हतो. ताई ओरडतायत, "अहो माझी नाही! ती बेल माझी नाही!" तुम्ही म्हणाल, आवाजातला फरक कळला नाही का? कळला ना. घंटा पितळी, जाडजूड, आमची सायकलची. पण पाटीवर लिहिलंय, प्रश्न विचारू नयेत. आम्ही विचारले नाहीत. तोवर बोट आडवी झाली, आणि गुंता सोडवून मागून आलेली बोट येऊन आमच्या कुशीत शिरली. पंचांनी आम्हाला बाद केलं. बेकरीवाले काका एवढंच म्हणाले, "थांबलो मात्र छान."

इथपर्यंत गंमत आहे. यापुढचं मला जरा जड जाणार आहे, तेव्हा एक घोट पाणी पितो.

किनाऱ्यावर उतरलो. पाच मंडळांची माणसं उभी होती, आमचे घरचे होते, ताईंच्या सासूबाई डबा घेऊन आल्या होत्या. मी तोंडघशी पडलो होतो आणि मला खापर फोडायला कोणीतरी हवं होतं. मी ताईंना सगळ्यांदेखत म्हणालो, "बाई, तुम्हाला बस चालवायचीही सवय नाही. नुसती तिकिटं फाडता. नाव तुमच्या हातात दिली ही माझी चूक." हे वाक्य माझं. जसं आहे तसं सांगतोय.

ताईंनी पान्याने बेल सोडवली, पिशवीत टाकली, आणि संध्याकाळची पाळी होती म्हणून कामावर गेल्या. सासूबाईंनी डबा न उघडताच परत नेला.

एवढ्यावरही मी थांबलो नाही. संघटनेला अहवाल पाठवायचा होता. त्यात मी लिहिलं: "सुकाणूवरील व्यक्तीने चुकीचा इशारा दिल्यामुळे बोट बाद." चुकीचा इशारा! त्यांनी इशारा दिलाच नव्हता. जो नियम आम्हाला नडला तो माझ्या सहीने भिंतीवर टांगलेला होता. आणि सर्वांत आधी कोण थांबलं असेल? मी. बाकीचे तिघं माझ्या पाठीमागे बसतात, माझ्या वल्ह्याकडे बघून वल्हवतात.

ताईंच्या जागी मी आमच्या मेव्हण्यांना बसवलं. दाराशी आहेत ते. मेव्हणे, राग मानू नका. त्यांचा आवाज खणखणीत, नजर उत्तम, चष्मा मीच दिलेला. पण ते म्हणायचे, "डावीकडे घ्या. म्हणजे तुमच्या नाही, माझ्या. नाही नाही, तुमच्याच." तोवर खांब येऊन गेलेला असायचा, आमच्यासकट. चौथ्या दिवशी त्यांची मान अवघडली आणि ते घरी बसले. मान अजून अवघडलेलीच आहे, पण ते परवा क्रिकेट खेळताना दिसले.

शेवटच्या शर्यतीला नऊ दिवस उरले. टेलर मास्तर मितभाषी माणूस, ते मला दुकानात येऊन म्हणाले, "ताईंना आणा. नाहीतर आम्ही तिघं बसत नाही." आणि चष्म्याची काडी घट्ट करून घेऊन निघून गेले.

मी ताईंच्या बसमध्ये चढलो. फोन करायचं धैर्य नव्हतं, म्हणून बस. गर्दी होती. त्या माझ्यापर्यंत आल्या.

"कुठे?"

"ताई, मी जरा बोलायला…"

"कुठे जायचंय?"

"शेवटचा स्टॉप."

"शेवटचा स्टॉप डेपो आहे. डेपोत काय काम?"

"तुमच्याकडेच."

"मग आधी तिकीट घ्या. आणि पुढे सरका, मागे बायका उभ्या आहेत."

मी तिकीट घेतलं आणि पुढे सरकलो. डेपोच्या बाकावर त्यांनी मला चहा दिला. म्हणाल्या, "येईन मी. बोट जायला नको. पण मी बेल वाजवली की थांबायचं. कॅप्टननेसुद्धा." मी म्हटलं, कबूल. त्यांनी विचारलं, "आणि किनाऱ्यावर बोललात त्याचं?" मी म्हटलं, "अहो, झालं गेलं. आता शर्यतीकडे लक्ष देऊ." किती सोपं असतं नाही, आपणच बोलायचं आणि आपणच झालं गेलं म्हणायचं? त्यांनी कप विसळून ठेवला आणि उठल्या. पुढची फेरी होती.

तिसरी शर्यत. ही पूर्ण झाली नाही तर सगळं संपलं, हे बोटीतल्या पाचही जणांना पाठ होतं. आम्ही पाचव्या क्रमांकावर होतो. बोटीही पाचच होत्या. पण बोट सरळ चालली होती, अंतर कापलं जात होतं, आणि ताई बसमधल्या सुरात सांगत होत्या, "चला, चला, पुढे चला, भरपूर जागा आहे." माझे श्वास संपत आले होते. म्हटलं, अजून थोडंच राहिलंय.

आणि ट्रिंग. एक.

माझ्या मागे तीन वल्ही पाण्यात रुतली. मला कळलं. आणि मी काय केलं ते आजवर बोटीबाहेर कोणाला माहीत नाही. मी ओरडलो, "थांबू नका! शर्यत पूर्ण करा!" आणि एकट्याने वल्हवत राहिलो. एक ओढ. दुसरी ओढ. तिसरी घेणार तेवढ्यात ताईंनी दोऱ्या सोडल्या, पुढे वाकल्या आणि दोन्ही हातांनी माझ्या वल्ह्याची मूठ दाबून धरली. बसची दांडी सोळा वर्षं धरलेले हात ते. मला हलता आलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी राग नव्हता. भीती होती, आणि ती माझ्यासाठी नव्हती.

मग माझ्या कोपराजवळ पाण्यातून एक डोकं वर आलं. पलीकडच्या बोटीतला गडी. बैठक निसटून पाण्यात पडला होता आणि वाहत आमच्या वाटेत आला होता. त्याने माझंच वल्हं धरलं. ज्या वल्ह्याने मी अजून एकदा ओढलं असतं तर त्याच्या कपाळावर बसलं असतं, तेच. नाकातोंडात पाणी गेलेलं, तरी मला म्हणतो, "आभारी आहे, साहेब."

पंचांची मोटरबोट येऊन त्याला घेऊन गेली. ताईंनी दोन बेल दिल्या आणि आम्ही निघालो. रेषेवर पोहोचलो तेव्हा तिथली माणसं खुर्च्या आवरत होती. पण एकाने खुर्ची खाली ठेवून घंटा वाजवली. शर्यत पूर्ण. बोट राहिली, मंडळ राहिलं, आज हा समारंभ होतोय तो त्यामुळे.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. तो गडी माझ्या वल्ह्याला लटकलेला, आणि खाली छापलेलं, "कॅप्टनच्या प्रसंगावधानाने प्राण वाचले." संघटनेने मला प्रशस्तिपत्र दिलं. ते मी दुकानात लावलंय, डोळे तपासायच्या तक्त्याच्या वर. सगळ्यांत वरच्या मोठ्या अक्षराच्याही वर. गिऱ्हाइकं विचारतात आणि मी म्हणतो, "कर्तव्य होतं." अध्यक्षसाहेब, आपण गौरव केलात तो या प्रसंगावधानाचा.

बोटीतल्या तिघांनी काही म्हटलं नाही. ताईंनीही नाही. मी मात्र वर्षाचा अहवाल लिहायला बसलो तेव्हा ताईंचा चुकीचा इशारा आणि माझं प्रसंगावधान, ती दोन्ही वाक्यं जशीच्या तशी उतरवली. तो अहवाल आता तुमच्या प्रत्येकाच्या खुर्चीवर आहे. एक प्रत त्या दुसऱ्या गावच्या क्लबातही गेली, आणि म्हणूनच त्यांनी विचारलं: या बाई नाव नीट चालवतात का? माणूस गाव सोडून जातो तेव्हा त्याच्या आधी त्याच्याबद्दलचा कागद पोहोचलेला असतो. ताईंचा कागद मी असा पाठवला होता.

आता मी माझं उत्तर वाचतो. चार ओळींचं आहे. "सप्रेम नमस्कार. आपल्या प्रश्नाचं उत्तर: हो. अहवालातल्या दुसऱ्या शर्यतीतला चुकीचा इशारा त्यांचा नव्हता, चूक माझी होती. तिसऱ्या शर्यतीत माणूस वाचला तो त्यांच्यामुळे, मी त्यांना विरोध करत होतो. त्यांनी बेल वाजवली तर थांबा." खाली माझी सही आहे, आणि आज सकाळी टेलर मास्तर, डॉक्टर आणि काकांनीही सह्या केल्या. काकांनी पिठाच्या हाताने केली आहे, ती तशीच पाठवतो. प्रशस्तिपत्र मी दुकानातून काढून आणलंय, ते संघटनेकडे परत जाईल.

माझी आपल्या सगळ्यांना एक विनंती आहे. खिशात, पर्समध्ये पेन असेल ते काढा. अहवालाचं सातवं पान उघडा. वरून तिसरी ओळ, आणि खालची शेवटची. दोन्हींवर रेघ मारा. पेन नसेल त्यांनी शेजारच्याचं घ्या. मी थांबतो तोवर.

धन्यवाद. सासूबाई, तुमची रेघ इथपर्यंत ऐकू आली.

अध्यक्षांचे, व्यवस्थापक साहेबांचे, सभागृहाचे आणि माझं इतका वेळ ऐकून घेणाऱ्या आपणा सर्वांचे मनापासून आभार. अशा भाषणाच्या शेवटी वक्ता श्रोत्यांकडे, बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर सांभाळून घ्या, असं मागणं मागतो. आज तुमच्याकडे ते मागण्यात अर्थ नाही. तुमचं मी फार तर वेळेचं नुकसान केलंय. ज्यांचं खरं नुकसान केलं त्या इथे, माझ्या डाव्या हाताला बसल्या आहेत, आणि त्यांच्याशी मी पाच जणांच्या बोटीत बोलू शकलो असतो, डेपोच्या बाकावर बोलू शकलो असतो. बोललो नाही. म्हणून आज एवढ्या लोकांत बोलतो, कारण अपमानही लोकांतच केला होता. तुम्ही लगेच काही म्हणावं अशी माझी अपेक्षा नाही.

ताई, चुकलं माझं. दोन्ही वेळा.